दहा वर्षांची अट तिला लागू नाही

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या हजेरीचे काम पाहणाऱ्या टाइम ऑफिसला रुजू होऊन तुला जेमतेम चार महिने झाले असताना असा प्रसंग समोर यावा, याचे वाईट वाटले. दुसरी पाळी संपवून रात्री मोटारसायकलवरून गावाकडे निघालेला पंचविशीतला मुलगा अपघातात गेला, मागे बावीस वर्षांची पत्नी, दीड वर्षाची मुलगी आणि शेतात राबणारे आईवडील आहेत, आणि त्याची नोकरी दोन वर्षे आठ महिन्यांची होती, असे तू लिहिले आहेस. "दहा वर्षे भरली नाहीत, त्यामुळे पेन्शन बसत नाही, पीएफ काढून द्या आणि विषय संपवा," असे तुझ्या वरिष्ठांनी सांगितले, आणि ते बरोबर आहे का, हे तू विचारले आहेस.

ते बरोबर नाही. दहा वर्षांची अट ही कामगाराला स्वतःच्या म्हातारपणी मिळणाऱ्या पेन्शनसाठी आहे. नोकरीत असताना मृत्यू आला तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ अन्वये त्याच्या नावावर एका महिन्याचा भरणा झालेला असला तरी विधवेला आणि मुलांना पेन्शन मिळते. मी छत्तीस वर्षे हेच काम केले, आणि वाळूजपासून नांदेडपर्यंत जितक्या टाइम ऑफिसांत बसलो तितक्या ठिकाणी हे चुकीचे वाक्य ऐकले. ते सांगणाऱ्याच्या मनात कपट नसते. त्याने स्वतःच्या पेन्शनचा नियम वाचलेला असतो आणि तोच तो मेलेल्या माणसाच्या घरच्यांना लावतो. पण समोर बसलेली बाई ते ऐकून उठते, गावी जाते आणि पुन्हा येत नाही. म्हणून माझे तुला पहिले सांगणे असे की, विधवेला "नाही" हा शब्द आठवणीवर विसंबून कधीही सांगू नकोस. आधी नियम काढून वाच, मग बोल.

आता या घराचा हिशेब मांडू. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये होते, असे तू लिहिले आहेस. पेन्शनचे सूत्र असे आहे की, सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. सहा महिने किंवा त्याहून जास्तीची सेवा पूर्ण वर्ष धरली जाते, म्हणून त्याची तीन वर्षे होतात आणि सूत्राने ६०० रुपये येतात. परंतु विधवेची पेन्शन एवढ्यावर थांबत नाही. सूत्राने येणारी रक्कम, योजनेच्या तक्त्यात पगारानुसार दिलेली रक्कम आणि सप्टेंबर २०१४ पासूनची किमान १,००० रुपयांची रक्कम, यांपैकी जी जास्त असेल ती तिला मिळते. मुलीला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, पण किमान २५० रुपये, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत मिळतात. म्हणजे महिन्याला निदान १,२५० रुपये. हजार रुपयांत आज घरातला किराणाही येत नाही आणि हा किमान आकडा फार आधीच वाढायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ही रक्कम थोडी आहे म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण ती दर महिन्याला, त्या बाईच्या स्वतःच्या नावावर, तिच्या हयातीपर्यंत किंवा तिने पुनर्विवाह करेपर्यंत येत राहणार आहे. उद्या तिला कुठे नोकरी लागली तरी ती बंद होत नाही.

मोठी रक्कम दुसरीकडे आहे आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. पीएफसोबत प्रत्येक कामगाराचा ठेवसंलग्न विमा असतो. त्याचा हप्ता, वेतनाच्या अर्धा टक्का, मालक भरतो आणि कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापला जात नाही, म्हणून पगाराच्या पावतीवर तो दिसत नाही आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. मृत्यूपूर्वी सलग बारा महिने नोकरी झालेली असेल तर पंधरा हजारांच्या मर्यादेपर्यंतच्या सरासरी मासिक वेतनाच्या ३५ पट रक्कम आणि त्यावर पीएफच्या सरासरी शिल्लकेच्या निम्मी रक्कम मिळते, एकूण कमाल ७ लाखांपर्यंत. या मुलाच्या बाबतीत नुसती ३५ पट रक्कमच ४ लाख ९० हजार होते. पीएफ, विमा आणि पेन्शन या तिन्हींची मागणी मृत्यूनंतर एकाच संयुक्त अर्जात करता येते, त्यामुळे "पीएफ काढून द्या" म्हणून एकच रकाना भरू नकोस.

आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, तो कामावरून घरी जात असताना गेला. राज्य कामगार विम्यात २०१० पासून घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यान झालेला अपघात हा, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच अपघात धरला जातो. दुसरी पाळी संपली, कार्ड पंच झाले, आणि नेहमीच्या रस्त्याने गावाकडे जाताना तासाभरात अपघात झाला, हा संबंध तुला कागदावर दाखवता आला पाहिजे. तो मान्य झाला तर वेतनाच्या ९० टक्के इतका अवलंबितांचा लाभ दरमहा मिळतो, त्यातला तीन पंचमांश पत्नीला आणि दोन पंचमांश मुलीला. पत्नीला पुनर्विवाहापर्यंत, मुलीला तिच्या लग्नापर्यंत. १,२५० रुपयांच्या पेन्शनशेजारी ही रक्कम ठेवून पाहा, म्हणजे मी एवढ्या आग्रहाने का लिहितो आहे ते कळेल. एक मिळते म्हणून दुसरे थांबत नाही. म्हणून आजच त्या रात्रीची हजेरीची नोंद, पाळीचा तक्ता आणि गेटवरची नोंदवही यांच्या प्रती काढून ठेव, पोलिसांचा पंचनामा आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मिळव, आणि कारखान्याकडून अपघाताचा अहवाल विमा महामंडळाच्या कार्यालयात गेला आहे की नाही, हे पोच पाहूनच खात्री कर. महिन्याभराने पंच मशिनमधली नोंद मिळेलच, याची कोणी हमी देऊ शकत नाही.

ग्रॅच्युइटीचे थोडक्यात सांगतो. पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू होत नाही. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, तीन वर्षांचे साधारण २४ हजार रुपये होतात, आणि ते कारखान्यानेच द्यायचे आहेत.

आता तुझा दुसरा प्रश्न, त्याच्या नॉमिनेशनचा. नोकरीला लागला तेव्हा तो अविवाहित होता आणि त्याने आईचे नाव दिले होते. पुढे लग्न झाले आणि फॉर्म तसाच राहिला. आता सासू म्हणते सगळे माझे, आणि माहेरचे म्हणतात सगळे मुलीचे. दोन्ही घरांना तुलाच नीट समजावून सांगावे लागेल. पेन्शन नॉमिनेशनवर ठरतच नाही. कुटुंब असेल तर ती पत्नीची आणि मुलांचीच, फॉर्मवर कोणाचेही नाव असो. पीएफचे लग्नापूर्वीचे नॉमिनेशन लग्नानंतर रद्द समजले जाते, आणि नवे भरलेले नसेल तर ती रक्कम आणि तिच्यासोबतचा विमा कुटुंबातल्या पात्र सदस्यांत समान वाटला जातो. त्या कुटुंबात मुलावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. म्हणजे म्हातारी रिकाम्या हाती राहणार नाही आणि सुनेचाही हक्क बुडणार नाही. हे तेराव्याच्या आधी सांगू नकोस, पण त्यानंतर फार उशीरही करू नकोस, कारण एकदा भाऊबंदकीत शब्द गेले की दोन्हीकडचे लोक सह्या द्यायला तयार होत नाहीत.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगतो, ती आजही मनातून जात नाही. मी ज्या कारखान्यात होतो तिथे जिंतूर तालुक्यातला एक प्रेस ऑपरेटर आजारपणात वारला. महिन्याभराने त्याची पत्नी ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसली. हातात कापडाच्या दुकानाची एक पिशवी होती, आणि तिच्यात होते रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुलांची लसीकरणाची कार्डे आणि नवऱ्याचे कारखान्याचे ओळखपत्र. रेशनकार्डावर तिचे सासरचे नाव, बँकेच्या पासबुकावर माहेरचे, पत्रिकेवर लाडाचे, आणि आमच्या फॉर्मवर पत्नीच्या रकान्यात काहीच नाही. तो विसाव्या वर्षी नोकरीला लागला होता आणि नंतरच्या अकरा वर्षांत आम्ही कोणीही त्याला लग्न झाले का, मुले किती, हे विचारून कागदावर घेतले नव्हते. मी तिला एकेक कागद सांगत गेलो आणि ती प्रत्येक वेळी एसटीने परत जाऊन एकेक आणत गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी ती ग्रामसेवकाकडे दोन खेपा घालून आली, कारण मृत्यूची नोंद माणसाच्या गावी नव्हे, तर जिथे मृत्यू झाला तिथे होते, म्हणजे शहरातल्या रुग्णालयात झाला तर महापालिकेत, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितले नव्हते. तेरा महिन्यांनी पेन्शन मंजूर झाली. विधवेची पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते, त्यामुळे मागची सगळी रक्कमही मिळाली. पण तोपर्यंत थोरला मुलगा शाळा सोडून मामांबरोबर ऊसतोडीला गेला होता.

तिला तीन मुले होती आणि तिसऱ्याचे नाव मी अर्जात लिहिलेच नव्हते, कारण पेन्शन दोनच मुलांना मिळते असे मला वाटत होते. एका वेळी दोघांना मिळते हे खरे, पण थोरला पंचविशीचा झाला की त्याच्या जागी तिसऱ्याची सुरू होते, म्हणून सगळ्या मुलांची नावे आणि जन्मतारखा पहिल्याच अर्जात गेल्या पाहिजेत. ते नाव पुढे चढवून घ्यायला तिला आणखी एकदा यावे लागले.

या बावीस वर्षांच्या मुलीपुढे अजून सगळे आयुष्य आहे, म्हणून एक नाजूक गोष्ट लिहितो. पुनर्विवाह केला तर पेन्शन बंद होईल, हे वाक्य आपल्याकडे तरुण विधवेला घरात बसवून ठेवण्यासाठी वापरलेले मी पाहिले आहे. तिची स्वतःची पेन्शन बंद होते हे खरे, परंतु मुलीची बंद होत नाही. उलट मुलीला तेव्हापासून अनाथ अपत्याच्या दराने, म्हणजे विधवेच्या पेन्शनच्या ७५ टक्के, किमान ७५० रुपये मिळू लागतात. तिने काय करावे हे तू सांगायचे नाहीस, पण हे दोन्ही आकडे तिच्यासमोर, तिच्या आईवडिलांच्या आणि सासूसासऱ्यांच्या देखत, सारखेच स्पष्ट ठेव. ती माहेरी राहायला गेली तरी अडचण नाही, कारण जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळते. खाते मात्र तिच्या एकटीच्या नावाचे असू दे, आणि हयातीचा दाखला दर बारा महिन्यांनी द्यायचा असतो व तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे तिला स्वतः करून दाखव.

या घराचे काम मार्गी लागले की तुमच्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचा कुटुंबाचा कागद उघड. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये अनेक कामगार बिहार आणि उत्तर प्रदेशातले असतात. त्यांच्या पत्नीचे आधारवरचे नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि गावचा पत्ता आज फोन करून विचारता येतो, नंतर तो सांगणारा माणूस राहत नाही. ऑनलाइन नॉमिनेशनला पत्नीचा आणि मुलांचा आधार क्रमांक आणि फोटो लागतो, तेव्हा पाळी सुटताना एकेकाला बसवून घेतलेस तर रोज पाचसहा जणांचे होऊन जाईल. ठेकेदाराच्या माणसांना वगळू नकोस. त्यांचा भरणा ठेकेदाराच्या खात्यातून होत असला तरी तो झाला नाही तर जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे ठेकेदार बदलताना दोन-दोन यूएएन, म्हणजे पीएफचे सार्वत्रिक खाते क्रमांक, झालेले असतात. पीएफच्या पासबुकातला पेन्शनचा रकाना वेगळा पाहा. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागताना ज्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता पंधरा हजारांच्या वर होता तो पेन्शन योजनेत येतच नाही, तिथे तो रकाना शून्य असणार आणि त्याला ते आधी सांगायला हवे. पण ज्याचे वेतन त्याखाली असूनही तो रकाना शून्य दिसतो, तिथे चूक आपल्या ऑफिसची आहे. आणि बाई कामगारांच्या फॉर्मवर नवऱ्याचे नाव घ्यायला विसरू नकोस, कारण तिच्या पश्चात विधुरालाही हीच पेन्शन मिळते.

त्या मुलीला या सोमवारी बोलावले आहेस, असे लिहिले आहेस. तिला बोलावू नकोस, शक्य असेल तर तूच जा. जाताना संयुक्त अर्ज आणि शाईचा पॅड सोबत ने, आणि तिच्याकडे कोणते कागद आहेत ते तिच्या घरात बसून एकदाच पाहून घे. जे नसतील त्यांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, कोणता कागद कोणत्या कार्यालयात मिळेल हे लिहून तिच्या हातात दे. अर्ज भरलास की मला पाठव, मी एकदा नजर घालतो.

तुझा,
काका