फऱ्याचं हाड बाहेर का येतं?

प्रश्न: माझे मिस्टर नागपूरच्या कळमना मार्केटला हमाली करतात. संत्र्याचा हंगाम असला की दिवसभर पेट्या उजव्या खांद्यावर. दोन महिन्यांपासून उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. बनियन काढलं की त्या बाजूचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बाहेर आलेला दिसतो. कुठे पडले नाहीत, मारही लागला नाही. शेजारचे म्हणतात, हाड सरकलं, चोळून बसवून घ्या.
– एक वाचक भगिनी, सक्करदरा

उत्तर: ताई, चोळून काही बसवू नका, हे आधी सांगते. हाड सरकलेलं दिसत नाही, त्याला धरून ठेवणारा स्नायू ढिला पडला असावा.

फऱ्याचं हाड धडाच्या सांगाड्याला फक्त कॉलरबोनमार्फत जोडलेलं असतं. बाकी ते दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर स्नायूंच्याच भरवशावर टिकतं. असे 17 स्नायू त्याला चिकटतात. त्यांतला सेरेटस अँटिरियर बरगड्यांवरून निघून फऱ्याच्या खालून कण्याकडच्या कडेला जातो. फरा छातीशी दाबून धरणं आणि हात उचलताना तो फिरवणं हे त्याचं काम. हात पूर्ण 180 अंश वर जातो, त्यातले साधारण 60 अंश फऱ्याचे! या स्नायूची नस मानेतून उतरून बगलेच्या आतल्या बाजूने, बरगड्यांवरून जाते. खांद्यावर रोज ओझं आणि मान दुसरीकडे कललेली, यात ती दाबली किंवा ताणली जाते.

घरी एवढं बघा. त्यांना दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकवून भिंत ढकलायला सांगा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. उजव्या फऱ्याची कण्याकडची कड उठली, तिच्याखाली बोटं जातील इतकी, तर मला याच नसेची शंका येते.

मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवा. नसेची तपासणी, म्हणजे ईएमजी, लागेल. पेट्या मात्र आजपासून बंद. घर त्यावरच चालतं, मला कळतं. पण तूर्त संत्री निवडण्याचं काम मिळतं का, हे मालकाला विचारा. नस हळूहळू सुधारते, बहुतेकांना सहा महिने ते दोन वर्षं लागतात. तोवर सांधा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करायचे.

मानेवर कधी गाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. तिथली दुसरी एक नस दुखावली की मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपेझियस स्नायू लुळा पडतो, खांदा खाली उतरतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.