डॉक्टरांनी सांगितलेलं समजलं नाही तर परत विचारावं का? त्यांना राग येतो का?

विचारायचंच. राग आला तर येऊ दे.

माझ्या आईला आमवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाली. ज्यांच्या घरात हे औषध आहे त्यांना माहीत असेल, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं, पण इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी येत नाही. तोंडी काय सांगितलं? ‘ही सांध्यांची, ही बीपीची, ही कॅल्शियमची. समजलं ना?’ आईने मान हलवली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं, ती तरी काय करणार! बाकीच्या गोळ्या रोज, म्हणून हीसुद्धा रोज.

तिचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट गिळतानाही कळवळायची. ताप चढला तेव्हा रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. ॲडमिट करून या औषधावरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं द्यावी लागली. आई वाचली. याच चुकीने माणसं दगावलीही आहेत, आणि डॉक्टरी जगाला हे अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. माझा संताप त्याचाच आहे.

घरी सोडताना तिथल्या सिस्टर आईजवळ बसल्या. ‘आजी, ही पिवळी गोळी घरी कशी घेणार, मला सांगा बघू.’ ‘सोमवारी.’ ‘आणि मंगळवारी?’ ‘मंगळवारी नाही.’ मग पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात ‘फक्त सोमवार’ लिहून दिलं. मिनिटभराचं काम. सांगितलेलं पेशंटकडूनच वदवून घ्यायचं, याला टीच-बॅक म्हणतात.

माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे. त्याचं ठाम मत, ‘आम्ही सांगतो, लोकच लक्ष देत नाहीत.’ यावरून आमचं कैकदा वाजलंय. अरे, ‘समजलं ना?’ विचारल्यावर समोरचा ‘हो’च म्हणणार! ऐकून घ्यायचं म्हणशील तर १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. मग लक्ष कोण देत नाही?

तुम्ही मात्र एवढं करा. आत गेल्यावर सगळ्यात मोठी तक्रार आधी सांगा. उठण्यापूर्वी, ‘म्हणजे मी ही गोळी अमुक वेळी, इतके दिवस घ्यायची, बरोबर?’ असं आपणच म्हणून दाखवा. आठवड्याच्या गोळीचा वार तिथेच ठरवून लिहून घ्या.

सगळेच डॉक्टर तसे नसतात, ओपीडीतली गर्दीही खरी आहे, आणि इमर्जन्सीत कुणाला थांबवून प्रश्न विचारत बसू नये. पण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्रास होत नसला तरी लगेच दवाखाना गाठा, पाकीट सोबत घेऊन.