अणुतपासणी कुणी म्हणत नाही : ‘टेस्ट नंबर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : “लँडलाइनच्या जमान्यात एक ठरावीक नंबर फिरवून रिसिव्हर खाली ठेवला की थोड्या वेळानं आपलाच फोन खणखणायचा. उचलला तर पलीकडे कुणीच नसायचं. लाइनमन त्याला ‘टेस्ट नंबर’ म्हणत. एका लेखात मला तो मराठीत लिहायचा आहे. चाचणी क्रमांक, तपासणी क्रमांक की परीक्षण क्रमांक? तिन्ही सारखेच ना? आणि ‘क्रमांक’ लिहू की ‘नंबर’?”

तिन्ही सारखे नाहीत, अजिबात नाहीत. पण त्याआधी एक गोष्ट निकालात काढू द्या, कारण ती हल्ली रोज कानावर पडते. लँडलाइनच्या काळातल्या कुठल्याही तीन आकडी नंबराला लोक सर्रास ‘टोल फ्री’ म्हणू लागले आहेत. पोलिसांचा १०० टोल फ्री, अग्निशमन दलाचा १०१ टोल फ्री, कुणाचा नंबर विचारायचा १९७ टोल फ्री, फोन बिघडल्याची तक्रार नोंदवायचा १९८ सुद्धा टोल फ्री! अमेरिकी वापरात टेलिफोनचा ‘टोल’ म्हणजे लांब पल्ल्याच्या कॉलचा आकार. आपण ज्याला ट्रंक कॉल म्हणायचो, तो त्यांचा टोल कॉल. १९६७ साली तिथे ८०० नं सुरू होणारे नंबर आले. त्यांत हा आकार फोन करणाऱ्याऐवजी फोन घेणारा भरू लागला, म्हणून करणाऱ्यापुरता तो ‘टोल फ्री’. आपल्याकडचे १६०० आणि नंतरचे १८०० नं सुरू होणारे नंबर त्याच जातीचे. १९८ वर तक्रार करणारा लांब पल्ल्याचा कॉल करतच नव्हता, मग माफ कसला टोल करणार? त्यांना विशेष सेवेचे नंबर म्हणावं. जुन्या गोष्टींना नंतरची नावं चिकटवली की त्या गोष्टी कशा चालत होत्या तेच पुसलं जातं.

आणि त्या कशा चालत होत्या, हे फार सुंदर आहे. फिरत्या डायलवर १ फिरवला की लाइनमधला प्रवाह एकदा तुटे, ५ फिरवला की पाचदा, ० फिरवला की दहादा. सेकंदाला साधारण दहा ठोके. एक्सचेंजमधलं यंत्र आकडे वाचत नसे, ठोके मोजत असे. आता तारा वाऱ्यानं एकमेकींना लागल्या, किंवा रिसिव्हर ठेवताना खालचा खटका नुसता दबून सुटला, तरी यंत्राच्या हिशेबी तो १ फिरवल्यासारखाच. म्हणून आपल्याकडे घरगुती नंबर १ नं सुरू होत नसत आणि ती सगळी ओळ विशेष सेवांसाठी मोकळी राहिली. ब्रिटननं १९३७ साली लंडनमध्ये आणीबाणीचा नंबर सुरू करताना ९९९ निवडला. १११ घेतला असता, तर हेलकावणाऱ्या ताराच मदत मागत बसल्या असत्या. न्यूझीलंडनं मात्र १९५८ मध्ये बिनधास्त १११ घेतला. तिथल्या डायलवर आकडे उलटे होते, १ फिरवला की नऊ ठोके जात. म्हणजे बोटाला १११ आणि यंत्राला ९९९!

आता मूळ मुद्दा. ‘परीक्षा’ म्हणजे परि आणि ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणं. त्यात डोळा प्रधान आहे. ‘तपासणी’त तपास आहे, शोध आहे : काही दडलंय का, काही चुकलंय का. शाळातपासणी, नेत्रतपासणी, सामानाची तपासणी. जे आहे ते आहे तसं बघायचं. ‘चाचणी’ वेगळी. चाचणीत आपण होऊन त्या वस्तूला काहीतरी करायला लावतो आणि ती टिकते का, कशी वागते ते मोजतो. म्हणून अणुचाचणी होते. अणुतपासणी कुणी म्हणून पाहा, जीभच अडते. बुद्धिमत्ता चाचणी होते, कारण प्रश्न टाकून बुद्धीला कामाला जुंपलेलं असतं. साध्या बोलण्यात मराठी माणूस हा भेद बिनचूक पाळतो. लेखणी हातात घेतली की मात्र ‘दोन्ही एकच’ म्हणून मोकळा होतो.

तुमच्या नंबरानं काय होत होतं? लाइनमन घरात येई, नंबर फिरवी, रिसिव्हर ठेवी. एक्सचेंज त्या लाइनवर घंटीचा प्रवाह सोडी. घंटी वाजली की लाइन, घंटी आणि खटका तिघंही धड आहेत हे कळे. दुसऱ्या माणसाला फोन करायला सांगावं लागत नसे. हा नंबर प्रत्येक एक्सचेंजला वेगळा असू शके आणि डिरेक्टरीत छापलेला नसे. ही सरळसरळ चाचणी आहे. तुमचं उत्तर इथे संपलं.

पण ‘टेस्ट’ हा शब्द हातात आल्यावर तो नुसता खाली ठेवणं मला जमणार नाही.

इंग्रजीत ‘टेस्ट’ ही मुळात क्रिया नव्हतीच, ती वस्तू होती. टेस्ट म्हणजे सोन्याचांदीचा कस काढणाऱ्याची वाटी. लॅटिनमध्ये ‘टेस्टुम’ म्हणजे मातीचं भांडं. त्यावरून जुन्या फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. हाडांच्या राखेची ही सच्छिद्र वाटी. तीत वजन केलेला सोन्याचा तुकडा शिशाबरोबर तापवायचा. शिसं आणि हिणकस धातू जळून राखेत मुरतात आणि वाटीत उरतो तो शुद्ध मणी. तो पुन्हा तोलायचा. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यातला फरक म्हणजे उत्तर. त्या वाटीवरून आधी ती क्रिया ‘टेस्ट’ झाली, मग कुठलीही परख.

त्याच घराण्यातला ‘टेस्टा’ हा शब्द, म्हणजे मडकं किंवा खापर, पुढे बोलीत डोक्यासाठी वापरला जाऊ लागला. फ्रेंचमध्ये डोक्याला ‘तेत’ म्हणतात तो हाच. आपल्याकडे तर संस्कृत ‘कपाल’ म्हणजे खापर, वाटी आणि कवटी, तिन्ही. मराठीत ते ‘कपाळ’ झालं. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, आणि दोघींनाही मडक्यात डोकं दिसलं. असं काही सापडलं की माझा दिवस सार्थकी लागतो.

आता टेलिफोनच्या टेस्ट नंबरांकडे परत या आणि ती वाटी डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेतल्या एक्सचेंजांत एक ‘मिलिवॉट’ नंबर असे. तो लावला की एकसुरी शिट्टी ऐकू येई. तिची ताकद पलीकडे नेमकी एक मिलिवॉट. तंत्रज्ञ अलीकडे मीटर लावून किती पोचली ते मोजी. निम्मी पोचली, तर वाटेत तीन डेसिबल गळाले. माहीत असलेलं माप एका टोकाला घालायचं, दुसऱ्या टोकाला उरलेलं तोलायचं : शब्दाचा मूळ अर्थ पाचशे-सहाशे वर्षांनी तांब्याच्या तारेत जसाच्या तसा उतरला आहे.

त्या शिट्टीची गंमतही सांगायला हवी. आधी ती सेकंदाला १००० कंपनांची असे. आवाजाचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा आली आणि ती सेकंदाला ८००० वेळा आवाजाचा नमुना घेऊ लागली. ८००० ला १००० नं निःशेष भाग जातो. त्यामुळे दर खेपेला तेच आठ नमुने पुन्हा पुन्हा येत आणि यंत्रणेची खरी परख होईना. म्हणून शिट्टी १००४ कंपनांवर नेली. चाचणीचं मापही चाचणीला उतरावं लागतं!

याखेरीज एक नंबर लावला की नुसती शांतता मिळे. आपला आवाज नाही, पलीकडचा नाही, मग जी खरखर ऐकू येईल ती लाइनचीच. दुसरा एक नंबर, आपण ज्या लाइनवर आहोत तिचाच नंबर वाचून दाखवी. खांबावरच्या पेटीत सारख्या दिसणाऱ्या तारांच्या जोड्यांतून नेमकी जोडी हुडकताना तो हवा. या शेवटच्याला मी चाचणी म्हणणार नाही. तिथे कस लागत नाही, ओळख पटते.

कस म्हटलं की कसोटी आली. हा संस्कृत ‘कषपट्टिका’, कस घासून पाहायचा दगड. प्राकृतातून झिजत झिजत ‘कसोटी’. म्हणजे इंग्रजीत सोन्याची वाटी आणि मराठीत सोन्याचा दगड. ज्या कुणी पहिल्यांदा ‘टेस्ट मॅच’ला ‘कसोटी सामना’ म्हटलं, त्यानं मराठीत आजवर झालेल्या भाषांतरांतलं एक अव्वल भाषांतर केलं. आपली भाषा या बाबतीत सराफकट्ट्यावरच वाढली आहे. बावनकशी. हिणकस. तावून-सुलाखून : तावणं म्हणजे तापवणं आणि सुलाखणं म्हणजे भोक पाडून आतला धातू बघणं, फारसीत ‘सूराख’ म्हणजे भोक. ‘शंभर नंबरी’ हेही सोन्याचंच विशेषण आहे. ते पोलिसांच्या १०० नंबरावरून आलं असं मला ठासून सांगितलं गेलं आहे. ज्याचा अर्थ ‘अस्सल, निर्भेळ’ असा आहे आणि ज्याच्या पुढे आपोआप ‘सोनं’ येतं, त्या शब्दाचा पोलीस चौकीशी संबंध जोडायला काय आधार आहे?

राहिली ‘चाचणी’. इथे माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी वर्षानुवर्षं धरून आहे. काही जाणकार ‘चाचणी’ला ‘चाचपणे’पासून काढतात. मला हे मुळीच पटत नाही. चाचपणं म्हणजे अंधारात हात फिरवून अंदाज घेणं, आणि त्याचं नाम ‘चाचपणी’ भाषेत ठणठणीत जिवंत आहे. एका धातूची दोन नामं झाली, त्यातल्या एकीतला ‘प’ मधूनच नाहीसा झाला आणि दुसरीतला शाबूत राहिला, असं का व्हावं, याचं उत्तर त्यांच्यापैकी कुणी देत नाही. नुसता ‘चाच’ जुळला म्हणून नातं जुळत नाही.

माझ्या मते चाचणी ही फारसी ‘चाश्नी’ची मराठी लेक आहे. चाश्नी म्हणजे चव, चाखून बघण्यापुरता नमुना. साखरेच्या पाकाला चाशनी म्हणतात ती हीच. राजाच्या पुढे ताट जाण्याआधी घास घेऊन बघणारा तो चाश्नीगीर. इथवर कुणी वाद घालणार नाही. पण अकबराच्या टांकसाळीतल्या कामगारांच्या यादीतही चाश्नीगीर आहे, आणि त्याचं काम जेवणाशी संबंधित नाही : शुद्ध केलेल्या धातूचा कस पाहून तो ठरवायचा! म्हणजे मुघल कारभाराच्या भाषेत ‘चाश्नी’ धातूच्या परखेपर्यंत पोचली होती. मराठी दप्तरांत फारसी शब्द किती सहज मुरले ते आपण जाणतोच. ‘चाश्नी’तला श शेजारच्या च सारखा झाला, न चा ण झाला, एवढाच काय तो प्रवास मानावा लागतो. अर्थाचा प्रवास तर शून्य आहे. ज्यांना ‘चाचपणे’च हवं आहे, त्यांनी आधी अंधारातल्या हातापासून अणुचाचणीपर्यंतचा अर्थ कसा सरकला ते दाखवावं. तोवर मी टांकसाळीतून हलणार नाही.

हे खरं असेल, तर टेस्ट, कसोटी आणि चाचणी हे तिन्ही शब्द धातूचा कस काढणाऱ्यांच्याच हातांतून आले आहेत. ‘तपासणी’ला या घरात जागा नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला : क्रमांक की नंबर. सरकारी कागदांत ‘दूरध्वनी क्रमांक’ असतो हे मला माहीत आहे आणि माझा त्याला विरोध आहे. क्रमांक म्हणजे क्रम दाखवणारा अंक. पहिला, दुसरा, तिसरा. बैठक क्रमांक, पान क्रमांक. १८९१ साली ऑल्मन स्ट्रोजर या अमेरिकी माणसाला ज्या स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं, त्या घराण्याच्या एक्सचेंजांत टेलिफोनचा प्रत्येक आकडा म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम असे. ४ फिरवला की स्विचचा दांडा चार पायऱ्या वर चढे. शेवटच्या दोन आकड्यांत आधी वर चढे आणि मग आडवा वळून नेमक्या तारेवर जाऊन थांबे. तो रस्ता होता, रांगेतली जागा नव्हे. टेस्ट नंबर तर त्याहून पुढचा. त्याच्या टोकाला ग्राहकच नाही, मग तो कितवा असणार?

तेव्हा लेखात ‘चाचणी नंबर’ लिहा. संपादकानं ‘नंबर’ कापून ‘क्रमांक’ केलं, तर निदान ‘चाचणी’ तरी हलू देऊ नका.