मार्क्स ब्रदर्समधला चिको खरंच इटालियन होता का? की तो ॲक्सेंट नुसता पोटापाण्यासाठी?

अजिबात नव्हता हो. मार्क्स ब्रदर्स म्हणजे जुन्या अमेरिकन विनोदी सिनेमांतले भाऊ, आणि त्यातला चिको कायम इटालियन ॲक्सेंटमध्ये बोलायचा. १८८७ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म, आई जर्मनीची, वडील फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सेसचे, घर ज्यू. इटलीशी संबंध शून्य. (आणि उच्चार 'चिक्को' आहे बरं का, पोरींच्या म्हणजे 'चिक्स'च्या मागे असायचा म्हणून पडलेलं नाव. मीही कित्येक वर्षं चुकीचंच म्हणत होतो.)

तेव्हा वॉडेव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती सगळं एकाच तिकिटात, तिथे अशा उसन्या बोलीवाल्यांची चलती होती, कुणी खोटा आयरिश, कुणी खोटा जर्मन, आणि समोर बसलेले बरेचसे स्वतःच नाहीतर त्यांचे आईबाप बोटीतून उतरलेले, त्यामुळे हशा हमखास. चिकोचा भाऊ ग्राउचोसुद्धा आधी जर्मन ॲक्सेंट मारायचा. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली, लोक जर्मनांवर चिडले आणि ग्राउचोनं तो मुकाट्यानं सोडला. चिकोचा इटालियन मात्र टिकला, इटलीवर कोण चिडलेलं नव्हतं ना.

पण नुसत्या ॲक्सेंटवर कोण किती दिवस हसणार? चिकोची खरी गंमत म्हणजे परदेशी असल्याच्या बहाण्यानं तो वाट्टेल ते चुकीचं ऐकू शकायचा. 'द कोकोनट्स' (१९२९) या सिनेमात ग्राउचो नकाशावर 'व्हायाडक्ट' म्हणजे पूल दाखवतो, याला ऐकू येतं 'व्हाय अ डक', बदक कशाला? झालं, मग बदकच का, कोंबडी का नाही, समोरच्याच्या डोक्याचा भुगा होईपर्यंत.

रेडिओवर तर हे सोन्यासारखं चाललं. तिसरा भाऊ हार्पो कायम मुक्याचं काम करायचा, त्याचा तिथे काय उपयोग, म्हणून १९३२-३३ च्या एनबीसी या अमेरिकन रेडिओवरच्या वकिलांच्या मालिकेत दोघंच, ग्राउचो वकील आणि चिको त्याचा असिस्टंट रव्हेली. चेहरा दिसत नसला तरी तोंड उघडलं की कोण बोलतंय ते लगेच कळायचं. त्यातले काही विनोद त्यांनी नंतर 'डक सूप' या सिनेमात सरळ परत वापरले.

पैसा मिळाला तो सगळा जुगारात घालवला, शेवटी भावांनी त्याचे पैसे स्वतःकडे ठेवून खर्चापुरते द्यायला सुरुवात केली. १९६१ मध्ये गेला.

आणि तुमचा प्रश्न ना, 'ॲनिमल क्रॅकर्स' (१९३०) मध्येच येऊन गेलाय. चिको एका बड्या शेठला पकडतो, हा तर पूर्वीचा मासेवाला, नाव बदलून मिरवतोय. शेठ उलट विचारतो, पण तू इटालियन कधीपासून? चिको म्हणतो, ते सोड, इथे कबुलीजबाब कुणाचा चाललाय?