कोथरूडात गाडी स्वस्तात कुठे चार्ज करायची?

नवी इलेक्ट्रिक गाडी, अभिनंदन! जवळचं चार्जिंग स्टेशन शोधण्याआधी युनिटचा दर बघा. अ‍ॅपवरच्या दरात जीएसटी धरलाय का, तेही तपासा. १८ टक्के लागला की १८ रुपयांचे २१ रुपये २४ पैसे होतात. घाई नसेल तर डीसी फास्टच्या (झटपट चार्जिंगच्या) नादी लागू नका. ७.४ किलोवॉटचा एसी (सावकाश चार्ज करणारा) पॉइंट गाठा, दर बहुधा कमी असतो आणि गाडीतला चार्जर तेवढी वीज घेत असेल तर ३० युनिटची बॅटरी चार-पाच तासांत भरते. महावितरणची स्टेशनं 'पॉवरअप' अ‍ॅपवर सापडतात. निघण्याआधी इतर चालकांचे ताजे शेरे वाचाच: कुठे गन (चार्जिंगचा प्लग) अडकलेली, कुठे पेट्रोलची गाडी आडवी लावलेली (हे महाभाग सगळीकडे!). चार्जिंगच्या अ‍ॅपमधल्या वॉलेटमध्ये पाचशेच्या वर टाकू नका, परत मिळवताना नाकी नऊ येतात. सोसायटीत गाडीसाठी वेगळा मीटर मिळतो, त्याचा अर्ज मात्र आजच टाका.