समुद्राचा वारा असूनही मुंबईत हिवाळ्यात धुरकं का साचतं?

शेजारी समुद्र असताना डिसेंबर-जानेवारीत सकाळी समोरच्या इमारती पुसट का दिसतात, ते नुसतं धुकं असतं का आणि वडिलांनी पहाटे फिरायला जावं का, असं तुम्ही विचारलंय.

नुसतं धुकं नसतं ते. मी चेंबूरला चौदाव्या मजल्यावर राहतो. या दिवसांत सकाळी सातला खिडकीतून पाहिलं की खाली तांबूस-करडा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर आकाश बऱ्यापैकी निळं. खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसली की फडकं काळं होतं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तेच इथे कामाला येतात. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे शहराची हवा पालटतात, पण हिवाळ्यात ते उशिरा सुटतात. रात्रीचे मतलई वारे मंद असतात. त्यांनी समुद्रावर नेलेला धूर पुष्कळदा दुपारी परत येतो. शिवाय रात्री जमीन गार झाली की तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, वर मात्र उबदार थर राहतो. एरवी खालची गरम हवा धूर घेऊन वर जाते, आता ती वाटच बंद. पातेल्यावर झाकण पडावं तसं. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर असंच झाकण पाच दिवस बसलं आणि कोळशाच्या धुराने हजारो माणसं गेली.

आपल्याकडे झाकणाखाली गाड्यांचा धूर, कारखाने, जाळलेला कचरा आणि बांधकामांची धूळ असते. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावायला सांगितले, ते गरजेचेच आहेत. पण पत्रे वायू अडवत नाहीत, आणि धुरक्याचा मोठा भाग हवेतच तयार होतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत बदलत जातात, अमोनियाशी जुळतात आणि त्यांचे सल्फेट-नायट्रेटचे कण बनतात. हे कण पाणी ओढून घेतात. मुंबईच्या दमट हवेत ते फुगतात, उजेड विखुरतात आणि समोरची इमारत दिसेनाशी होते. यातले पीएम २.५ कण केसाच्या जाडीहून वीसपट तरी बारीक, थेट फुप्फुसात खोलवर जाणारे.

म्हणून वडिलांना या दोन-तीन महिन्यांत पहाटे पाठवू नका. उन्हं वर आली, वारा सुटला की झाकण उचललं जातं. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. तिचं फिरणं आम्ही दुपारी चारवर नेलंय. निघण्याआधी ती स्वतः खिडकीत उभी राहून तो पट्टा विरलाय का ते बघते.