नातीचे २० डॉलर नेमके कुठे गेले?

प्रश्न : माझी १९ वर्षांची नात टेक्सासमधील एका विद्यापीठात शिकते. जन्म तिथलाच असल्यामुळे ती अमेरिकी नागरिक आहे. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत असून अजून एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच आहे. विद्यापीठाच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या तरुण कॉन्झर्व्हेटिव्ह (उजव्या विचारांच्या) मुलांच्या एका गटाला तिने मोबाइलवरून २० डॉलर दिले. कार्ड वडिलांचे होते. पुढच्या दोन महिन्यांत तेवढीच रक्कम आणखी दोनदा वळती झाली. ही मंडळी म्हणजे रिपब्लिकन पक्षच का? आणि मुलाला यातून काही अडचण येईल का? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : आपण गटाचे नाव कळवलेले नाही, पण नुसत्या नावावरून फारसे कळलेही नसते, ज्या पानावर पैसे भरले त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काय छापले आहे, ते पाहावे लागते. पक्षाशी जवळीक असली तरी असे गट बहुधा पक्षाचा भाग नसतात आणि कायद्याच्या दृष्टीने ते एकमेकांपासूनही बरेच वेगळे असतात. साध्या ‘पॅक’ला, म्हणजे राजकीय निधी समितीला, एका व्यक्तीकडून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच देणगी घेता येते. २०१० मधील न्यायालयीन निकालांनंतर आलेल्या ‘सुपर पॅक’ला ही मर्यादा नाही, मात्र त्याने उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच्याशी संगनमत करून जाहिरातीही करायच्या नाहीत. तरुण मते रिपब्लिकन पक्षाकडे वळवण्यासाठी २०१२ साली निघालेला ‘क्रॉसरोड्स जनरेशन’ हा असाच एक सुपर पॅक होता. त्या निवडणुकीत तिशीच्या आतल्या मतदारांची सुमारे ६० टक्के मते तरीही डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांनाच मिळाली.

तिसरा प्रकार धर्मादाय, शैक्षणिक संस्थांचा. २०१२ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ज्याच्या स्थापनेत चार्ली कर्क यांनी पुढाकार घेतला (सप्टेंबर २०२५ मध्ये युटामधील एका विद्यापीठात त्यांची हत्या झाली), ते ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ या प्रकारात मोडते. अशा संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. ते काम ‘टर्निंग पॉइंट ॲक्शन’ ही भगिनी संस्था करते. थोडक्यात, मांडव एकच आणि पावतीपुस्तके दोन, त्यामुळे टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीला आपली पावती कोणत्या पुस्तकातली, हे कळत नाही.

आपल्या नातीच्या २० डॉलरांपेक्षा तिचे नाव आणि फोन क्रमांक या मंडळींना अधिक मोलाचा असतो, हे मात्र मी ठामपणे सांगेन. ही कला जुनी आहे. १९६० साली कनेक्टिकटमधील शॅरन गावी ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही तरुणांची संघटना स्थापन झाली. तिच्या कार्यालयात निधीचे काम पाहणाऱ्या रिचर्ड व्हिगेरी यांना समोरासमोर पैसे मागण्याचा संकोच वाटे, म्हणून ते पत्रे पाठवू लागले. १९६४ मध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर हरल्यावर त्यांना ५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांच्या नोंदी वॉशिंग्टनमध्ये जनतेसाठी खुल्या आहेत, हे व्हिगेरींनी हेरले आणि तिथून सुमारे १२,५०० नावे हाताने उतरवून घेतली. पुढे टपालाने निधी गोळा करण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय या यादीवर उभा राहिला. आज वही जाऊन मोबाइल आला, एवढाच फरक.

पुन्हा पुन्हा पैसे कापले जाण्याचे कारण बहुधा ‘दरमहा द्या’ या चौकटीत आधीच केलेली खूण हे असावे. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारात या खुणेमुळे देणगीदारांच्या इतक्या तक्रारी आल्या, की २०२१ मध्ये अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने ही पद्धत कायद्याने बंद करावी, अशी शिफारस एकमताने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला केली.

मुलाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. अमेरिकेत नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच निवडणुकीसाठी देणगी देता येते. एच-१बीवरील व्यक्तीला ती देता येत नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने देणेही निषिद्ध आहे. पैसे धर्मादाय संस्थेकडे गेले असतील, तर हा प्रश्न उद्भवत नाही. पॅककडे गेले असतील, तर कार्ड वडिलांचे होते आणि ते नागरिक नाहीत, असे समितीच्या कोषाध्यक्षांना लेखी कळवून परतावा मागावा. देणगी नियमबाह्य असल्याचे लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करणे समितीवर बंधनकारक असते. हा पत्रव्यवहार जपून ठेवावा आणि ग्रीन कार्डाचे काम पाहणाऱ्या वकिलाला दाखवावा. रक्कम लहान आहे, हेतूही वाईट नव्हता, तेव्हा घाबरण्याचे कारण मला दिसत नाही, पण गप्प बसून चौथा हप्ता जाऊ देऊ नये.

नातीला पुढेही देणगी द्यायची असेल, तर तो तिचा हक्क आहे. तिने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशांतून द्यावी. वर्षभरात एका समितीला २०० डॉलरांहून अधिक गेले, तर तिचे नाव, शहर आणि व्यवसाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येईल, एवढे तिला आधी सांगून ठेवावे.